आधी पोच, मग वकील: युरोपातला रोमा समाज, कायदेशीर मदत आणि हक्कांचं प्रशिक्षण

चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्राव्हा शहरात १९९९ साली काही लोकांनी एक किचकट पण साधं काम केलं. शहरातल्या ८ विशेष शाळा आणि ६९ प्राथमिक शाळा यांच्या मुख्याध्यापकांकडून त्यांनी माहिती मागवली: तुमच्याकडे एकूण मुलं किती, आणि त्यांतली रोमा या अल्पसंख्य समाजाची किती. या ‘विशेष शाळा’ बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी होत्या. उत्तरं आली तेव्हा विशेष शाळांमधल्या १,३६० मुलांपैकी ७६२ रोमा निघाली, म्हणजे ५६ टक्के. शहरातल्या एकूण ३३,३७२ प्राथमिक विद्यार्थ्यांमध्ये मात्र रोमा मुलं होती फक्त २.२६ टक्के. दुसऱ्या बाजूने हिशेब केला तर रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के विशेष शाळेत होती आणि बाकीच्या मुलांपैकी १.८ टक्के. म्हणजे रोमा मूल तिथे जाण्याची शक्यता सुमारे २७ पट.

या आकड्यांच्या बळावर १८ मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. देशातल्या कोर्टांत हरला. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात २००६ साली पुन्हा हरला. शेवटी १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ अशा मतांनी चेक सरकारला दोषी धरलं. प्रत्येक मुलाला ४,००० युरो भरपाई मिळाली. रक्कम छोटी आहे. पण ‘अमुक अधिकाऱ्याने वंशावरून वेगळी वागणूक दिली’ असं सिद्ध न करताही, निव्वळ आकड्यांवरून शिक्षणातला अप्रत्यक्ष भेदभाव दाखवता येतो, हे त्या दिवशी युरोपात पक्कं झालं.

न्यायालयाने या आकड्यांबद्दल जे म्हटलं ते वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. आकडे तंतोतंत नसतीलही, पण कल स्पष्ट आहे, आणि सरकारने दुसरे आकडे पुढे ठेवलेले नाहीत. म्हणजे परिपूर्ण माहितीची वाट पाहत बसू नये. शिवाय ती माहिती वकिलांच्या केबिनमध्ये बसून मिळाली नव्हती, शाळाशाळांतून गोळा करावी लागली होती. रोमा समाजासाठी कायदेशीर मदत म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करावी लागते. वकील फार पुढच्या टप्प्यावर येतो. त्याच्या हाती काय पडेल ते त्याआधीच वस्तीत ठरलेलं असतं.

कोण हे लोक

रोमा हा युरोपातला सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज. संख्या १ ते १.२ कोटी, त्यांतले सुमारे ६० लाख युरोपीय संघाच्या देशांत. जर्मनीत सिंती, फिनलंडमध्ये काले अशी नावंही आहेत. ‘जिप्सी’ हा शब्द ते इजिप्तहून आले या गैरसमजातून रूढ झाला आणि अनेक रोमांना तो अपमानकारक वाटतो. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतात. मराठी वाचकाला याहून वेगळी ओळख करून द्यायला नको. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने स्वीकारलेल्या झेंड्यावर १६ आऱ्यांचं चक्र आहे.

गावकुसाबाहेरची वस्ती, पोलिसांची आधीच ठरलेली नजर, ‘ही मुलं शिकणार नाहीत’ हा शिक्का. यातलं काही आपल्याला नवं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्याकडच्या कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तो रद्द व्हायला १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. पण दोन्हीकडचे कायदे वेगळे, वाटा वेगळ्या. म्हणून इथून पुढे युरोपातलंच बोलू.

मदत मिळण्याच्या तीन वाटा

पहिली वाट सरकारी मोफत वकिलाची. फौजदारी गुन्ह्यात संशयित किंवा आरोपी असलेल्यासाठी युरोपीय संघाचा २०१६ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधणारा कायदा (क्रमांक २०१६/१९१९) आहे. दिवाणी बाबतीत संघाच्या मूलभूत हक्क सनदेचं कलम ४७ सांगतं की न्याय मिळवण्यासाठी आवश्यक असेल आणि ऐपत नसेल तर कायदेशीर मदत द्यावी. प्रत्यक्षात बहुतेक देश दोन चाळण्या लावतात: उत्पन्न किती, आणि दाव्यात दम आहे का.

रोमा कुटुंब अडकतं ते पहिल्या चाळणीत. भंगार, हंगामी शेतमजुरी, बाजारात फिरती विक्री यांतून येणाऱ्या पैशाचा दाखला कोण देणार? दाखल्यासाठी नोंदणीकृत पत्ता लागतो आणि वस्ती अनधिकृत असेल तर पत्ताच नसतो. पत्ता मिळवण्यासाठी भांडायचं तर वकील हवा, आणि वकिलासाठी पत्ता. सर्बियाने २०११ च्या निवास कायद्यात यावर एक मार्ग काढला. ज्याला दुसरा पत्ता देता येत नाही त्याने समाजकल्याण केंद्राच्या पत्त्यावर नोंद करावी. ही सोय आहे हे वस्तीतल्या कुणाला ठाऊक असेल तर तिढा सुटतो, नाहीतर माणूस खिडकीवरून परत येतो.

सर्बियाचाच मोफत कायदेशीर मदतीचा कायदा ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. त्यात एक खाच आहे. स्वयंसेवी संस्थांना मोफत कायदेशीर मदत देता येते ती आश्रय आणि भेदभाव या दोनच विषयांच्या कायद्यांखाली. जन्मनोंद, पेन्शन, घर असे प्रश्न नगरपालिकेच्या मदत विभागाकडे किंवा वकिलाकडे न्यावे लागतात. आणि तक्रार नगरपालिकेविरुद्धच असेल तर? हे आधी ओळखून अर्जातच तसं लिहिणं आणि बाहेरचा वकील मागणं, ही शिकण्याची गोष्ट आहे.

(आपल्याकडच्या वाचकांसाठी एवढंच: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला, मुलं, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत मदत आहे. विमुक्त-भटके असा वेगळा उल्लेख त्यात नाही. त्या समाजातला जो पुरुष कलम १२ मधल्या कुठल्याच गटात बसत नाही त्याला उत्पन्नाचा दाखला जोडावाच लागतो. चाळणी तीच.)

दुसरी वाट समानता संस्थांची, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी संस्थांची. २९ जून २००० च्या वांशिक समानता निर्देशाने (२०००/४३) संघातल्या प्रत्येक देशाला अशी संस्था उभारणं बंधनकारक केलं. तिथे तक्रारीला खर्च नाही आणि वकील लागत नाही. कोर्टात हरलात तर समोरच्याचा खर्च डोक्यावर पडण्याची भीती असते, ती इथे नसते. मात्र प्रत्येक संस्थेचे अधिकार वेगळे. बल्गेरियातला आयोग दंड करू शकतो. सर्बिया संघात नाही, पण तिथेही समानता आयुक्त आहे. तो मत देतो आणि शिफारस करतो. रोमानियात भेदभावविरोधी परिषदेकडे घटनेपासून १ वर्षात जावं लागतं, थेट कोर्टात दावा लावायला ३ वर्षं मिळतात आणि त्या दाव्याला कोर्ट फी नाही. कुठली तारीख कुठे लागू होते याचा घोळ झाला तर चांगली तक्रार वाया जाते.

तिसरी वाट हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांची. १९९६ साली बुडापेस्टमध्ये सुरू झालेलं युरोपीय रोमा हक्क केंद्र हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. ऑस्ट्राव्हाच्या खटल्यामागे तेच होतं. अशा संस्था सगळे खटले घेत नाहीत. ज्या एका खटल्याने हजारोंचा प्रश्न हलेल असा निवडक खटला त्या घेतात. तुमचा खटला त्यांनी नाकारला याचा अर्थ तो खोटा आहे असा नव्हे, आणि हे तक्रारदाराला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावं. आशा लावून सहा महिन्यांनी नकार कळवला की त्या वस्तीत पुढची दहा वर्षं कुणी तक्रार करत नाही.

पुराव्याचा भार कधी सरकतो

भेदभावाचा दावा सामान्य दाव्यासारखा चालत नाही. वांशिक समानता निर्देशाच्या कलम ८ नुसार तक्रारदाराने भेदभाव झाला असावा असं मानायला जागा देणारी तथ्यं मांडायची. ती पुरेशी वाटली की भार समोरच्यावर सरकतो. भेदभाव नव्हता हे त्याने सिद्ध करायचं. म्हणून काम दोन भागांत वाटलेलं आहे, आणि पहिला भाग वस्तीच्या आवाक्यातला आहे.

बल्गेरियातल्या दुप्नित्सा शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या प्रामुख्याने रोमा लोकांच्या वस्तीत वीज कंपनीने मीटर बसवले ते जमिनीपासून ६ ते ७ मीटर उंच खांबांवर. इतर भागांत तेच मीटर १.७० मीटरवर, डोळ्यांसमोर. आपण वीज किती वापरली हे पाहायचं तर ते शक्यच नाही. कारण दिलं गेलं वीजचोरीचं. तक्रार केली ती त्या वस्तीत दुकान चालवणाऱ्या एका बाईने, आणि ती स्वतः रोमा नव्हती. युरोपीय संघाच्या न्यायालयाने (हे स्ट्रासबर्गच्या न्यायालयाहून वेगळं) १६ जुलै २०१५ रोजी सांगितलं की ज्याला त्याच उपायाचा त्याच तऱ्हेने त्रास होतो त्यालाही दाद मागता येते, मग तो त्या वंशाचा नसला तरी. आणि ‘या भागात चोरी होते’ असं नुसतं म्हणून भागत नाही, तसा पुरावा द्यावा लागतो. या तक्रारीचा पाया काय होता? दोन वस्त्यांमधल्या दोन उंची. मोजपट्टी, दोन फोटो, तारीख.

घर भाड्याने देताना, नोकरी देताना, क्लबच्या दारात अडवताना कुणी कारण लिहून देत नाही. तिथे चाचणी करतात. दोन जोड्या घ्यायच्या: वय, कपडे, शिक्षण, बोलण्याची पद्धत सारखी, फरक फक्त एक जोडी रोमा आणि दुसरी नाही. आधी रोमा जोडीने जायचं. जागा शिल्लक नाही असं उत्तर मिळालं तर लगेच, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत, दुसऱ्या जोडीने जाऊन तेच शब्द विचारायचे. बाहेर आल्यावर एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर लिहायचं: वेळ, कोण होतं, नेमके शब्द, कोण आत होतं. त्याच दिवशी सही आणि तारीख.

चाचणी बिघडते ती ठरलेल्या जागी. मधे फार वेळ गेला तर ‘तोवर जागा रिकामी झाली’ हे उत्तर तयार असतं. रोमा जोडी चिडून बोलली तर कारण मिळतं. दोघांनी एकच मजकूर उतरवला तर तो शिकवलेला वाटतो. चोरून ध्वनिमुद्रण करण्याआधी त्या देशाचा कायदा पाहावाच लागतो. काही ठिकाणी तो गुन्हा आहे आणि मग तक्रारदारच आरोपी होतो.

वंशाची आकडेवारी मागताना ‘आम्ही वंशानुसार नोंद ठेवत नाही’ हे उत्तर हमखास येतं. नावं मागूच नका, संख्या मागा. शाळेत मुख्याध्यापकाचा अंदाज, वस्तीत पालकांनी स्वतः सांगितलेली ओळख, दोन्ही चालतात, फक्त माहिती कशी मिळवली ते लिहून ठेवा.

सहीचा प्रश्न

रोमा खटल्यांमध्ये सही हा एक वेगळाच विषय आहे. ऑस्ट्राव्हाच्या पालकांनी मुलाला विशेष शाळेत घालण्याच्या संमतीवर सह्या केल्या होत्या आणि सरकारने त्याच पुढे केल्या. न्यायालयाने म्हटलं की वांशिक भेदभाव न होण्याचा हक्क असा सोडून देता येत नाही, आणि पालकांना पूर्ण माहिती देऊन ती संमती घेतली असंही दिसत नाही.

स्लोव्हाकियात याहून भयंकर घडलं. २००० साली एका रोमा बाईला सिझेरियनआधी, कळा सोसत असताना, नसबंदीच्या कागदावर सही करायला लावली. तिच्या वैद्यकीय नोंदीत ‘रुग्ण रोमा वंशाची’ असं लिहिलेलं होतं. स्ट्रासबर्गच्या ८ नोव्हेंबर २०११ च्या निकालाने तिला ३१,००० युरो भरपाई दिली. त्याआधी, एप्रिल २००९ मध्ये, अशीच शंका असलेल्या ८ बायकांच्या बाबतीत आणखी एक निकाल लागला होता, आणि कामाच्या दृष्टीने तो सोन्यासारखा आहे. रुग्णालयांनी त्यांना फाइल वाचू दिली, हाताने उतरवून घेऊ दिली, पण झेरॉक्स दिली नाही. न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या वैद्यकीय नोंदीची प्रत का हवी याचं कारण रुग्णाने द्यायचं नसतं. प्रत न देण्याचं सबळ कारण असेल तर ते सरकारने द्यायचं.

चेक प्रजासत्ताकाने अशा बेकायदा नसबंदीसाठी २०२२ पासून ३ लाख क्राउन एकरकमी भरपाईचा कायदा केला. १ जुलै १९६६ ते ३१ मार्च २०१२ या काळातल्या शस्त्रक्रिया त्यात येतात. अर्जांची गाडी अडली ती कागदांवर: जुन्या फाइली रुग्णालयांनी नियमाप्रमाणे नष्ट केल्या होत्या. नोंद नाही म्हणून अर्ज फेटाळले गेले. म्हणून वैद्यकीय फाइलची प्रत मागण्याचं काम खटल्याचा विचार पक्का होण्याआधी करायचं. खटला नाही झाला तरी प्रत कुठे जात नाही.

यावरून वस्तीत शिकवायचा पहिला धडा ठरतो. न वाचलेल्या कागदावर सही नाही. ‘घरी नेऊन वाचतो’ म्हणायचा हक्क आहे. सही करावीच लागली तर बाजूला ‘मला वाचता येत नाही, वाचून दाखवलं नाही’ एवढं लिहून किंवा लिहवून घ्यायचं. आणि स्वतः दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची: दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज पोच असलेल्या रजिस्टर्ड टपालाने. तोंडी तक्रारीला तारीख नसते, आणि तारीख नसेल तर मुदतही मोजता येत नाही.

पोलिसांच्या मारहाणीत वेळ तासांत मोजावी लागते. त्याच दिवशी न्यायवैद्यक तपासणी, जखमांचे फोटो चेहऱ्यासह आणि जवळ मोजपट्टी धरून, कपडे न धुता कागदी पिशवीत. पोलीस वंशावरून काय बोलले ते नेमक्या शब्दांत, कारण २००५ पासून स्ट्रासबर्गच्या न्यायालयाचं म्हणणं आहे की हिंसेमागे वंशद्वेष असण्याची चिन्हं असतील तर सरकारने ती वेगळी तपासायलाच हवीत. शब्द लिहिलेच नसतील तर चिन्ह कुठून येणार? रोमानियातल्या व्हल्चेले गावी २०११ साली ८५ पोलिसांनी पहाटे घातलेल्या छाप्याबद्दल २०१९ मध्ये निकाल लागला, त्यात न्यायालयाने वंश पाहून संशय घेण्याची पद्धत तिच्या नावानिशी नोंदवली.

घरं पाडण्याच्या नोटिशीत उलटं: तिथे जुने कागद लागतात. सोफियातल्या बातालोव्हा वोदेनित्सा वस्तीच्या २०१२ च्या निकालात महत्त्वाचं ठरलं ते हे की लोक कित्येक दशकं तिथे राहत होते आणि सरकारने ते चालू दिलं होतं. जमीन नावावर नसली तरी ते ‘घर’ ठरतं, आणि पाडण्याआधी ते खरंच गरजेचं आहे का, लोक कुठे जातील, हे तोलावं लागतं. किती वर्षं राहतोय हे दाखवायला सातबारा लागत नाही. शाळेची हजेरी, मुलांचं लसीकरणाचं कार्ड, विजेची पावती, त्या पत्त्यावर आलेलं टपाल, यांतलं काहीही चालतं. हे कागद जेसीबी येण्याच्या दिवशी सापडत नाहीत. एका पिशवीत घालून वस्तीबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावेत, आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये.

स्ट्रासबर्गचा अर्ज

याबद्दल फार गैरसमज आहेत. अर्जाला फी नाही, सुरुवातीला वकील सक्तीचा नाही, आणि युरोप परिषदेच्या (युरोपीय संघाहून वेगळी संघटना, हे न्यायालय तिचंच) सदस्य देशांपैकी कुठल्याही अधिकृत भाषेत लिहिता येतो. पण देशातले सगळे उपाय आधी संपवावे लागतात, आणि शेवटच्या निर्णयापासून ४ महिन्यांत अर्ज टपालात पडायला हवा. १ फेब्रुवारी २०२२ आधी ही मुदत ६ महिने होती; जुनी माहितीपत्रकं अजून फिरतात आणि माणसं फसतात.

न्यायालयाचा छापील फॉर्मच वापरायचा. घटना, कुठल्या हक्काचा भंग आणि देशात काय उपाय केले हे फॉर्मवरच नीट मांडायचं. जोडपत्र हवं तर २० पानांपर्यंत. कागदांच्या प्रती जोडायच्या, मूळ कधीच नाही. स्टेपल करायचे नाहीत, क्रमांक घालून यादी द्यायची. वकील असेल तर फॉर्ममधल्या वकीलपत्राच्या जागी दोघांच्याही सह्या. एक रकाना रिकामा राहिला तरी अर्ज परत येऊ शकतो, आणि अपुऱ्या अर्जाने मुदतीचं घड्याळ थांबत नाही. म्हणून ४ महिन्यांपैकी ३ संपण्याआधी पाठवावा, म्हणजे दुरुस्तीला जागा उरते. न्यायालय स्वतः कायदेशीर मदतीचे पैसे देतं, पण प्रकरण सरकारला कळवल्यानंतर, आणि त्यासाठी उत्पन्नाचं प्रमाणित पत्रक लागतं.

अर्ज गेला की काम संपत नाही. बेल्जियममध्ये आश्रय मागणाऱ्या सर्बियातल्या एका रोमा कुटुंबाला २०१५ मध्ये न्यायालयाने न्याय दिला होता. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं तोवर कुटुंब देशाबाहेर गेलेलं, वकिलाचा त्यांच्याशी संपर्क तुटलेला. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठ्या पीठाने तेवढ्याच कारणावरून प्रकरण यादीतून काढून टाकलं. ज्यांना वर्षातून तीन गावं बदलावी लागतात त्यांच्या खटल्यात हा धोका सर्वांत मोठा आहे. वकीलपत्रासोबत तीन फोन क्रमांक घ्या: स्वतःचा, न हलणाऱ्या नातेवाइकाचा, वस्तीतल्या मध्यस्थाचा, म्हणजे वस्ती आणि सरकारी कचेऱ्या यांना जोडणाऱ्या माणसाचा. दर तीन महिन्यांनी फोन, काही नवं नसलं तरी.

शिकायचं कुठे, आणि कसं

आता प्रशिक्षण. मध्यस्थांचं काम रोमानियात जुनं आहे. तिथे २००२ साली रोमा आरोग्य मध्यस्थ सरकारी व्यवस्थेत आले. युरोप परिषदेने २०११ मध्ये रोमेद हा कार्यक्रम सुरू करून अनेक देशांत मध्यस्थांना शिकवलं. त्यातली एक शिकवण मला फार मोलाची वाटते: मध्यस्थ कधी ‘ट्रोजन घोडा’ होतो, म्हणजे नगरपालिकेचं म्हणणं वस्तीत उतरवणारा, कधी नुसता कार्यकर्ता होतो, आणि दोन्ही बाजूंना नीट ऐकवणारा मध्यस्थ होणं सर्वांत अवघड. घर पाडणारी नगरपालिकाच पगार देत असेल तर मध्यस्थाने त्या प्रकरणातून लेखी बाजूला व्हावं आणि कुटुंबाला दुसऱ्या माणसाशी जोडून द्यावं.

२०१६ पासूनचा जस्ट्रोम हा युरोप परिषद आणि युरोपीय आयोगाचा कार्यक्रम रोमा बायकांना न्यायापर्यंत नेण्यासाठी होता. सुरुवात बल्गेरिया, ग्रीस, आयर्लंड, इटली आणि रोमानियात. वस्तीजवळ कायदेशीर सल्ला केंद्र, त्यात वकील आणि सोबत समाजातलीच सहायिका. ही रचना का चालते, तर नवऱ्याच्या मारहाणीची किंवा नसबंदीची गोष्ट बाई आधी सहायिकेला सांगते, वकिलाला नंतर.

वकील, न्यायाधीश, सरकारी अभियोक्ते यांच्यासाठी युरोप परिषदेच्या हेल्प या ऑनलाइन मंचावर भेदभावविरोधी कायद्याचे मोफत अभ्यासक्रम आहेत, अनेक भाषांत, प्रमाणपत्रासह. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाची अल्पसंख्याकांसाठीची फेलोशिप २००५ पासून चालते; काही आठवडे तिथे राहून समित्यांचं काम शिकायचं, खर्च कार्यालयाचा. ती रोमांपुरती नाही, जगभरच्या वांशिक, धार्मिक, भाषिक अल्पसंख्याकांसाठी आहे. उच्च शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या रोमा पदवीधरांसाठी मध्य युरोपीय विद्यापीठाने २००४ मध्ये पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि २००५ मध्ये स्थापन झालेल्या रोमा शिक्षण निधीने कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्या पानावरच पाहाव्यात. अर्जात ‘मला समाजासाठी काही करायचं आहे’ या वाक्यापेक्षा ‘मागच्या वर्षी चार तक्रारी दाखल केल्या, दोन मुदतीबाहेर गेल्या, कारण हे’ हे वाक्य जड असतं. शिफारसपत्र देणाऱ्या संस्थेला निदान तीन आठवडे आधी सांगावं.

वस्तीपातळीचं प्रशिक्षण कशाने फसतं ते तर वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. राजधानीतल्या हॉटेलात दोन दिवस, पडद्यावर कलमं, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. प्रवासखर्च ‘नंतर देऊ’ म्हटलं की गरीब बाई येत नाही. तो आधी हातात द्यावा लागतो. लहान मुलांना सांभाळायची सोय नसेल तर पुरुषच येतात. बारा ते पंधरा जणांपेक्षा जास्त नकोत, आणि अर्धा वेळ खऱ्या फॉर्मांवर जावा. प्रत्येकाने तिथे बसून एक तक्रार लिहायची, दुसऱ्याने खिडकीवरचा कारकून होऊन ती नाकारायची, तिसऱ्याने पोच मागायची. पाटी कोरी असलेल्यासाठी फॉर्म तोंडी भरून घेण्याचा सराव वेगळा. महिन्याभराने पुन्हा भेटायचं, आणि प्रत्येकाने एक खरी पोच सोबत आणायची. आणि सर्वांत मोठं दुखणं: प्रकल्प संपतो, मध्यस्थाचा पगार थांबतो, लोक मात्र त्याच्याच दारात येत राहतात. निधी मागतानाच दुसऱ्या वर्षाचं मानधन कोण देणार हे लिहून घ्यावं.

शिकलेल्या माणसांचं काम निकालानंतरही असतं. युरोपीय न्यायालयाचा निकाल अमलात येतो की नाही हे युरोप परिषदेची मंत्री समिती पाहते, आणि तिच्या नियम ९ नुसार स्वयंसेवी संस्था थेट तिला लेखी निवेदन पाठवू शकतात. सरकार कळवतं की कायदा बदलला, शाळांची नावं बदलली. त्या उत्तरावर फेरविचार व्हायचा तर वर्गात आज कोण बसलंय याची संख्या लागते. म्हणून सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात जायचं, १९९९ मध्ये विचारलेलेच दोन प्रश्न विचारायचे, उत्तरावर मुख्याध्यापकाची सही आणि शाळेचा शिक्का घ्यायचा, आणि गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी तो लावून ठेवायचा.